आठशे साठवाल्या साळवे मॅडम

आमच्या स्टाफरूममध्ये कुणी एखादा आकडा मोठ्यानं उच्चारला, की खिडकीजवळच्या टेबलावरून हमखास एक शब्द यायचा. "कशाचे?" बोलणारा नवा असेल तर गडबडायचा. बिचारा एवढंच म्हणालेला असायचा, की ते मशीन पाच किलोवॅटचं आहे. साळवे मॅडम वहीतून मान वर न करता विचारायच्या, "पाच, पण कशाचे?" किलोवॅट ते किलोवॅट, त्यात आणखी कशाचे काय, असं त्याला वाटायचं. खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मलाही तसंच वाटायचं, आणि मी तर वीजतंत्री ट्रेडचा निदेशक, मुलांना वीज शिकवून पोट भरणारा माणूस.

सुजाता साळवे आमच्या परळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग शिकवायच्या. बाई जाऊन आता दीड वर्ष झालं. आदरांजलीच्या सभेत सगळ्यांनी त्यांना कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ वगैरे म्हटलं. कर्तव्यदक्ष ठीक आहे. मनमिळाऊ म्हणणाऱ्यानं त्यांच्याबरोबर एकदाही चहा घेतलेला नसावा. त्यांच्या निळ्या एप्रनच्या खिशात, पेनाशेजारी, लांब दांडीचं तबकडीवालं थर्मामीटर असायचं. चहा आला की ते कपात बुडवायचं आणि काटा साठच्या खाली असेल तर कप परत. कँटीनवाले अण्णा आधी चिडले, मग मॅडमचा चहा सर्वांत शेवटी ओतून सर्वांत आधी पाठवायला लागले. आमच्या वाट्याला कोमटच यायचा. आम्ही कधी थर्मामीटर घातलं नाही, एवढाच आमचा दोष.

उंचीनं बेताच्या, कडक इस्त्रीची सुती साडी, तिच्यावर एप्रन, पायात कॅनव्हासचे बूट. मनगटावर वडिलांचं भलंमोठं घड्याळ, ते सारखं कोपराकडे घसरायचं. आवाज खालचा, पण वर्कशॉपमध्ये तीन कॉम्प्रेसर चालू असतानाही शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. त्यांच्या वर्गात फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात वर्षभर एक चौकट असायची. चौकटीत ८६० आणि खाली 'पुसू नये'. आमच्या शिपाई मावशींना कितीतरी महिने वाटत होतं, की हा कुणाचा तरी टेलिफोनचा नंबर आहे आणि बाकीचे आकडे बाईंना आठवत नाहीत.

ते आठशे साठ म्हणजे मॅडमच्या शिकवण्याचा पाया होता. एक किलोवॅटची शेगडी तासभर चालवली, की आठशे साठ किलोकॅलरी उष्णता मिळते. कॅलरी म्हटलं की हल्ली लोकांना आपलं पोट आठवतं. मॅडम सांगायच्या, पोट विसरा, पातेलं आठवा. लिटरभर पाणी एका अंशानं तापवायला लागते ती एक किलोकॅलरी. उष्णतेचा ताशी आकडा हातात असला तर आठशे साठनं भागा, किलोवॅट मिळतील. किलोवॅट हातात असले तर आठशे साठनं गुणा. हे कुणीही शिकवेल. पण भागाकार करून झाल्यावर पेन खाली ठेवू नका, आलेले किलोवॅट कशाचे ते आधी विचारा, हे फक्त त्या शिकवायच्या.

त्याचा फटका मला एकदा चांगलाच बसला. संस्थेच्या संगणक कक्षासाठी दीड टनाचा एसी आला. त्याच्या कागदावर क्षमता सव्वापाच किलोवॅट लिहिली होती. मी लगेच प्राचार्यांना टिपण लिहिलं, की जुन्या वायरिंगला सव्वापाच किलोवॅटचा भार झेपणार नाही, आग लागल्यास मी जबाबदार राहणार नाही. 'जबाबदार राहणार नाही' खाली रेघही मारली. प्राचार्यांनी ते टिपण मॅडमकडे पाठवलं. बाईंनी मला काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सरळ त्यांच्या वर्गात बोलावलं, चाळीस मुलांसमोर, आणि अगदी आदरानं खुर्ची दिली.

मग त्यांनी वर्गाला आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील कॉटन ग्रीनच्या गोदामांत हमाल होते. सकाळी दोन भाकऱ्या आणि कांदा खाऊन निघायचे आणि दिवसभर कापसाच्या गाठी आतून बाहेर काढायचे. आता गोदामाच्या मालकानं किती गाठी बाहेर पडल्या ते मोजलं तर तो एक आकडा. आईनं किती भाकऱ्या लागल्या ते मोजलं तर तो दुसरा. "गाठींच्या आकड्याइतक्या भाकऱ्या आईनं थापल्या असत्या, तर आमची चूल कधी विझलीच नसती," मॅडम म्हणाल्या. एसी उष्णता तयार करत नाही, खोलीतली उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. सव्वापाच किलोवॅट ही उचललेली उष्णता. ती उचलायला वीज लागते जेमतेम दीड-पावणेदोन किलोवॅट. एवढं सांगून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, परब सर, आता तुमचं वायरिंग काय म्हणतं? मुलं हसली नाहीत, कारण त्यांच्या वर्गात चुकणाऱ्याला हसायची बंदी होती. ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्याच वर्गात एका मुलानं वहीत लिहिलं, किलोवॅट दोन जातीचे असतात. मॅडमनी वही वाचली, आणि त्याच्याकडे न बघता वर्गाला सांगितलं, की 'प्रकारचे' लिहा, 'जातीचे' नको. माणसं त्या शब्दापायी पुष्कळ सोसून बसलीयत, निदान किलोवॅटना तरी सोडा. मग पुढचं गणित घातलं. करी रोडच्या चाळीत, बौद्ध वस्तीत त्या वाढल्या. या ट्रेडला प्रवेश घ्यायला गेल्या तेव्हा त्या वर्षीच्या अर्जांत मुलगी एकटी त्याच. खिडकीवरच्या कारकुनानं विचारलं, इथं गॅसचे सिलिंडर उचलावे लागतात, जमेल का. त्या म्हणाल्या, हमालाची मुलगी आहे, उचलणं घरातच शिकलेय. हे मला त्यांनी सांगितलेलं नाही, त्यांच्या आईनं सांगितलं, तेही मुलगी पाणी आणायला आत गेल्यावर.

आमच्याकडे लालबागला गणपतीत त्या दर वर्षी यायच्या. मखरासमोर हात जोडायच्या नाहीत. पहिल्या वर्षी माझ्या आईला ते जरा खटकलं होतं. पण बाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या, पाटावर बसल्या आणि मोदकाच्या कळ्या काढायला लागल्या, त्याही एकसारख्या, मोजून घेतल्यासारख्या. आईचं म्हणणं मग एवढंच उरलं, की ह्या बाईला दर वर्षी बोलवायचा. एका वर्षी माझ्या बायकोनं नवी इंडक्शन शेगडी घेतली होती, दोन हजार वॅटची, आणि आईचा तिच्यावर अजिबात विश्वास नव्हता. जाळ दिसत नाही ती कसली शेगडी, असं तिचं म्हणणं. मॅडमनी पातेल्यात दोन लिटर पाणी मोजून घातलं, थर्मामीटर बुडवलं, तीस अंश. दोन लिटर, सत्तर अंश वर न्यायचे, म्हणजे एकशेचाळीस किलोकॅलरी. भागिले आठशे साठ. हे सगळं तोंडातल्या तोंडात. मग म्हणाल्या, काहीच वाया गेलं नाही तर पाच मिनिटं, थोडं पातेलं खाईल, थोडं वारा खाईल, आजी, तुम्ही साडेपाच धरा. आईनं मॅडमचं ते वडिलांचं मोठं घड्याळ त्यांच्या हातातून काढून स्वतःच्या हातात धरलं आणि पातेल्यावर नजर लावून बसली. बाहेर आरतीची तयारी झाली होती, टाळ वाटून झाले होते, आणि यजमानीण पाण्याकडे बघत बसलेली. साडेपाचला बुडबुडे यायला लागले, पावणेसहाला पाणी खळखळलं. आई म्हणाली, "पंधरा सेकंद चुकलास गो." मॅडमनी ते मान्य केलं, झाकण ठेवायला हवं होतं म्हणाल्या.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो, ती बाईंच्या शेवटच्या वर्षातली आहे.

कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या चंद्राबाई करी रोडला मासळी विकायला यायच्या. मॅडमच्या आई वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच घ्यायच्या. मेच्या शेवटी एकदा चंद्राबाईंनी मॅडमच्या दारात पाटी खाली ठेवली आणि बोंबलांच्या बाजूनं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक फाईल काढली. त्यांच्या वस्तीतल्या बायकांनी मिळून शीतगृहाचं ठरवलं होतं. बंदरावरच्या सोसायटीनं त्यांना रिकामी खोली दिली होती. यंत्र एका योजनेतून आलं होतं आणि कोपऱ्यात खोक्यात पडून होतं. पण वीज मिळत नव्हती. योजनेच्या सल्लागाराच्या कागदावर सव्वाचौदा किलोवॅटचा भार होता आणि तिथल्या लाईनवर सातच किलोवॅट शिल्लक होते. त्याहून जास्त हवे तर रस्ता खोदून नवी केबल आणावी लागणार, आणि ती वर्षभरात येत नाही. सोसायटीनं मुदत घातली होती नारळी पौर्णिमेची. तोवर वीज आली नाही तर खोली एका व्यापाऱ्याला थर्माकोलची खोकी ठेवायला जाणार होती. म्हणजे बायकांनी पुन्हा पहाटे बर्फाच्या लाद्यांसाठी रांग लावायची आणि संध्याकाळी उरलेली मासळी मिळेल त्या भावानं काढून टाकायची. चंद्राबाई म्हणाल्या, बावीस बायका आहेत, मॅडम, एवढं एकदा बघा.

मॅडमनी फाईल संस्थेत आणली. स्टाफरूममध्ये दोन दिवस बोंबलाचा वास होता आणि कुणाची तक्रार करायची हिंमत झाली नाही. कागदावर डावीकडे ताशी किलोकॅलरीचा रकाना, उजवीकडे किलोवॅटचा. थंडावा नऊ हजार किलोकॅलरी, म्हणून साडेदहा किलोवॅट. भागाकार बिनचूक होता. फक्त ते साडेदहा किलोवॅट मासळीतून उचलायच्या उष्णतेचे होते आणि सल्लागारानं ते विजेचे म्हणून मागितले होते. माझीच चूक, जरा मोठ्या आकारात. मॅडमनी लाल पेनानं उष्णतेचा अख्खा रकाना खोडला आणि त्याजागी कॉम्प्रेसरवर ठोकलेल्या माहितीच्या पट्टीवरचा आकडा लिहिला, विजेचे चार किलोवॅट. पंखे आणि दिवे पाऊण. एकूण पावणेपाच. सातात आरामात बसत होतं.

त्या स्वतः चंद्राबाईंना घेऊन वीज कंपनीच्या कार्यालयात गेल्या. मीही गेलो होतो, वायरिंग करून द्यायचं मी कबूल केलं होतं म्हणून. अर्ज बघणारा इंजिनियर तरुण होता, हुशारही होता. आधी त्यानं पदवी विचारली. मॅडम म्हणाल्या, पदवी नाही, प्रमाणपत्र आहे, आणि ही यंत्राची पट्टी आहे. त्यानं पट्टीचा फोटो बघितला, गणित बघितलं, पुन्हा बघितलं. मग हसला. सल्लागाराची सही या नव्या कागदावर आणून द्या म्हणाला. सल्लागारानं निमूट सही केली. आठवड्याभरात सात किलोवॅट मंजूर झाल्याचं पत्र आलं आणि चंद्राबाईंनी संस्थेत पापलेटं पाठवली. प्राचार्यांसकट सगळ्यांनी ती खाल्ली.

जुलैत मी वायरिंगचा नकाशा काढायला बसलो. यंत्राच्या खोक्यात आणखी एक भाग होता, हीटर. थंड नळ्यांवर बर्फ साचतो, तो दिवसातून तीनचार वेळा वितळवावा लागतो, त्यासाठी. तीन किलोवॅटचा. मी मॅडमचा कागद काढला. त्यात हीटर नव्हताच. म्हणजे सल्लागाराच्या मूळ कागदात होता, पण उष्णतेच्या रकान्यात, 'बर्फ वितळवणे, २५८० किलोकॅलरी' असा. बाईंनी तो रकाना खोडला तेव्हा त्याच्याबरोबर हीटरही खोडला गेला होता. पावणेपाच आणि तीन, पावणेआठ. सातच्या वर.

मी कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी २५८० भागिले ८६० केलं, तीन आले. घड्याळ कोपरापर्यंत घसरलं होतं, ते खाली ओढायचंही त्यांना सुचलं नाही. "हीटरमध्ये कोण काही उचलत नाही, परब," त्या शेवटी म्हणाल्या. "तीन किलोवॅट वीज आत, तीन किलोवॅट उष्णता बाहेर. एकास एक. जन्मभर दोन्ही वेगळे म्हणून शिकवलं, आणि जिथं दोन्ही एक आहेत तिथं मी झोपले."

मी जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते, पण लिहायला हवं. मी म्हणालो, मंजुरी आली आहे, आता कशाला बोलायचं. हीटर चालतो तेव्हा टायमर कॉम्प्रेसर बंद ठेवतो. दोन्ही एकदम चालतच नाहीत. आणि वर जातंय ते किती, तर पाऊण किलोवॅट. कोण बघायला येतंय?

"मंजुरी माझ्या आकड्यावर मिळालीय," त्या म्हणाल्या. "आणि टायमर चिकटलेला मी पन्नास वेळा बघितलाय. तुम्ही पण बघितलाय."

बघितला होता.

त्या आधी कार्यालयात गेल्या नाहीत, आधी मच्छीमार नगरात गेल्या. मासेमारी बंदीचा काळ होता, होड्या ओढून ठेवलेल्या, बायका जाळी दुरुस्त करत बसलेल्या. मॅडमनी उभ्या उभ्याच सांगितलं, की माझ्याकडून चूक झाली आहे, ती मी उद्या साहेबांना सांगणार आहे, आणि त्यामुळे मंजुरी रद्द होऊ शकते. पौर्णिमा तीन आठवड्यांवर आली होती. एक बाई उठून सरळ निघून गेली. चंद्राबाईंनी जाळं मांडीवरून बाजूला ठेवलं.

"नाय सांगितलं तर चालंल का?" त्यांनी विचारलं.

"चालेल. वर्षभर चालेल, कदाचित पाच वर्षं. मग एक दिवस दोन्ही एकदम चालू राहतील आणि केबल तापेल. ती केबल तुमच्या घरांवरून येते."

चंद्राबाईंनी वर बघितलं. केबल खरोखरच त्यांच्याच घराच्या पत्र्यावरून गेली होती. पत्र्यावर सुकट वाळत घातलं होतं.

"मग सांगा," त्या म्हणाल्या. "पन आमची खोली जाऊ देऊ नका."

त्या तीन आठवड्यांत मी बाईंना जितकं जवळून बघितलं तितकं आधीच्या वीस वर्षांत बघितलं नव्हतं. दिवसा वर्ग, संध्याकाळी वर्कशॉप. त्यांनी ठरवलं, की टायमरवर विसंबायचंच नाही. कॉम्प्रेसरचा आणि हीटरचा, असे दोन मोठे चुंबकी स्विच शेजारी शेजारी बसवायचे आणि मधे लोखंडी कुलूप घालायचं. एक आत गेला की दुसऱ्याला हलताच येऊ नये, कुणी हातानं दाबला तरी. ते बसवायचं काम विजेचं, म्हणजे माझं. मी बसवलं, त्यांनी नापास केलं. कुलूप केसाएवढं ढिलं होतं. पुन्हा बसवलं, पुन्हा नापास. तिसऱ्या वेळी मी वैतागून म्हणालो, बाई, हा माझा ट्रेड आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच तुम्हाला सांगतेय, दुसऱ्याला मी सांगितलंच नसतं. चौथ्या वेळी पास झालो. मला माझ्या परीक्षांमध्ये एवढा आनंद कधी झाला नव्हता.

कार्यालयात आम्ही दोघं मच्छीमार नगरानंतर दुसऱ्याच दिवशी गेलो होतो, आणि त्यांनी तोच जुना कागद टेबलावर ठेवला होता. चूक खोडून लपवलेली नव्हती. शेजारी लाल शाईत 'हीटर राहिला, चूक माझी' आणि पूर्ण सही, खाली कुलपाची आकृती. तरुण इंजिनियरनं तो वाचला आणि खुर्चीत मागे टेकला. तो म्हणाला, तुम्ही आला नसतात तर मला कळलंही नसतं. मॅडम म्हणाल्या, म्हणून तर आले. मग त्यानं सांगितलं, मंजुरी थांबवावी लागेल, आणि ते कुलूप मी जागेवर येऊन स्वतः तपासेन. वेळ मिळाला तो पौर्णिमेच्या आदल्या दिवशीचा. नापास झालं तर दुसऱ्या दिवशी खोली गेली, हे तिघांनाही माहीत होतं.

त्या दिवशी खोलीसमोर बावीसच्या बावीस बायका उभ्या होत्या. निघून गेलेली ती बाईही होती. सोसायटीची दोन माणसं किल्ली घेऊन आलेली, जरा लांब उभी. इंजिनियरनं आपला मीटर लावला. कॉम्प्रेसर चालू झाला, पंखे चालू झाले. मीटर पावणेपाचच्या जरा खाली. मग त्यानं टायमरची वायरच काढून टाकली आणि हीटरचा स्विच स्वतःच्या अंगठ्यानं दाबला. हलला नाही. दोन्ही अंगठे लावले. नाही हलला. मग उलटं केलं, हीटर चालू ठेवून कॉम्प्रेसरचा दाबला. तोही जागचा हलला नाही. पंखेही कॉम्प्रेसरबरोबर थांबले होते, मीटर तीनच्या जरा वर. मॅडम हाताची घडी घालून भिंतीशी उभ्या होत्या आणि मीटरकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

इंजिनियरनं अहवालावर सही केली. मग त्यानं मॅडमचा तो लाल शाईचा कागद मागितला. ऑफिसात नव्या मुलांना दाखवायचा आहे म्हणाला, चूक कशी सांगायची ते. आणि या बिनपदवीच्या बाईंना तो 'सर, थँक यू' म्हणून गेला. त्याच्या तोंडून 'सर' का आलं ते त्याचं त्यालाच माहीत. कुणी दुरुस्त केलं नाही. माझी छाती मात्र अशी फुगली होती, की जसं काही ते मलाच म्हटलंय.

सोसायटीच्या माणसांनी किल्ली चंद्राबाईंच्या हातात दिली. बायकांचा एकच गलका झाला. कुणी नारळ आणायला धावलं, कुणी रडत होतं. मी मॅडमना शोधायला लागलो, तर त्या तिथं नव्हत्या.

त्या महिन्याअखेर त्या निवृत्त झाल्या आणि हिवाळ्यात आजारी पडल्या. हॉस्पिटलमध्ये मी त्यांना तीनदा भेटलो, पण ते भेटणं मी धरत नाही. मी धरतो ते हे.

त्या दिवशी मॅडमना शोधत मी खोलीच्या मागच्या बाजूला गेलो. तिथं यंत्राचा बाहेरचा पंखा फिरत होता आणि गरम हवेचा झोत समुद्राच्या बाजूला जात होता. मॅडम त्या झोतासमोर उभ्या होत्या, एप्रन फडफडत होता, तळहात पुढे धरलेला, डोळे मिटलेले. खिशातलं थर्मामीटर त्यांनी काढलंच नव्हतं. चंद्राबाई माझ्या मागोमाग आल्या आणि त्यांनी विचारलं, हितं काय करताव.

मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला. चाळीस वर्षं बर्फ फोडून, बर्फात हात घालून चंद्राबाईंची बोटं वाकडी झाली होती, पुरती उघडतही नव्हती. ती बोटं मॅडमनी दोन्ही हातांनी हळूहळू उघडली आणि गरम झोतात धरली.

"ही आतली गरमी," त्या म्हणाल्या. "आता बाहेर आली. तुम्हाला बर्फ फोडायला नको."

चंद्राबाईंनी दुसराही हात पुढे केला. मग दोघी तशाच उभ्या राहिल्या, बराच वेळ, आणि पलीकडे नारळ फुटल्याचा आवाज आला तरी दोघींपैकी कुणी मागे वळून बघितलं नाही.